डांगराचं पत्र

चंद्रपुरात सरिता रामटेके यांच्या ऑफिसात येणारी माणसं साधारण दोन तऱ्हांची. होणाऱ्या जावयाची चौकशी लावणारी, नाहीतर जावयाने चौकशी लावल्यामुळे घाबरलेली. सत्यशीला मेश्राम दोन्हींत बसेना, म्हणून खुशालभाऊंनी तिला आधी पाणी दिलं.

खुशालभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते सरिताबाईंची गाडी चालवत आणि मत देत. गाडी बरी चालवत.

सत्यशीलाने भराभर सांगितलं. सावली गावात गुणवंतराव भांडेकर नावाचे निवृत्त मास्तर आहेत. त्यांचे पणजोबा दीडशे वर्षांपूर्वी एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञासोबत हा सगळा मुलूख हिंडले. साहेब झाडाझुडपांवर पत्रं लिहायचा, पणजोबा प्रत्येक पत्राच्या माथ्यावर रंगीत चित्र काढायचे. ती पत्रं पेटीत आहेत. साहेबाचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, त्यामुळे घरात पत्रं चित्रावरूनच ओळखली जातात: मोहाचं पत्र, पळसाचं पत्र. सत्यशीला दोन वर्षं त्यांची सूची करते आहे. उद्या नागपूरच्या संस्थेची माणसं येणार. संग्रह पूर्ण असेल तर सावलीतच त्याचं दालन होईल आणि सांभाळायला सत्यशीला.

"काल दुपारी एक पत्र गेलं," ती म्हणाली. "पेटीची चावी माझ्याकडे असते. मी अर्धा तास बँकेत गेले, तेव्हा ती खुंटीला होती. सरांनी शेजाऱ्यांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर माझी पिशवी ओसरीवर झाडली. डबा, ओढणी, सगळं."

"पिशवीत काही निघालं?" खुशालभाऊंनी विचारलं.

सरिताबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. खुशालभाऊ गाडी काढायला गेले.

वाटेतलं मूल गाव मागे पडेपर्यंत त्यांचं मत तयार होतं. चावी जिच्याकडे, चोरी तिची. पण गिऱ्हाईक मागच्या सीटवर बसलेलं, म्हणून त्यांनी ते गिळलं.

गुणवंतराव ओसरीवरच उभे होते. सत्यशीलाने गुप्तहेर आणल्याचं पाहून त्यांचा चेहरा बेरीज चुकल्यासारखा झाला. तरी त्यांनी खुर्च्या मांडल्या आणि कालची हकिगत सांगितली. दुपारी नागपूरहून फोन आला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्याने बोलतात. नागपूरकरांचं म्हणणं, डांगराचं पत्र जिवापाड जपा, त्यात साहेबाने पणजोबांचं नाव लिहिलंय, असं दुसरं पत्र देशात नाही.

"आणि नेमकं तेच गेलं," खुशालभाऊ म्हणाले.

"तेच तर गेलं नाही," गुणवंतराव म्हणाले. "डांगराचं पत्र आहे जागेवर. गेलं ते कोहळ्याचं. त्यात साहेबाने नुसती उन्हाची तक्रार केलीय."

खुशालभाऊंना हे पटेना. सोनं सोडून पितळ पळवणारा चोर त्यांनी पाहिला नव्हता.

सरिताबाईंनी हात धुऊन डांगराचं पत्र मागितलं. नदीची वाळू, वाळूत वेल, वेलाला हिरव्या पट्ट्यांचं गोल फळ. शेजारी त्याचीच कापलेली फोड, लाल, काळ्या बियांची. सत्यशीलाचा चेहरा क्षणभर सैल झाला. तिच्या आजीची वैनगंगेच्या पात्रात डांगरवाडी होती, ती म्हणाली, उन्हाळाभर आम्ही हेच खायचो. मग तिने फोनवर गेलेल्या पत्राचा फोटो दाखवला. गरगरीत, केशरी, अंगावर खाचा.

"हा फोटो कुणी काढला?"

"अंकुशभाऊंनी. नागभीडला त्यांचा स्टुडिओ आहे. सूचीतल्या आकड्यांच्या क्रमाने काढताहेत. कोहळ्यापर्यंत झालेत, डांगर यायचंय अजून."

काल चोरी झाली तेव्हा घरात मास्तरांखेरीज तिघं होती. पहिला दिनेश, गुणवंतरावांचा पुतण्या. जन्म सावलीचा, नोकरी गडचांदूरला, सिमेंटच्या कारखान्यात. तो पाहुण्यांपुढे अगदी पुस्तकी मराठीत बोलला. ही पेटी काकांनी विकावी असं आपलं स्पष्ट मत असून ते आपण लपवलेलं नाही, असं त्याने सांगितलं. खुशालभाऊंनी मत बदललं. चोर हाच.

दुसरी रुखमाबाई, स्वयंपाक करणारी, इथलीच. तिने प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर दिलं. "मले कागद काऊन पायजे बाई? भाकर शेकू का त्याच्यावर?" खुशालभाऊंनी तिला सोडून दिलं. स्वयंपाकाचा वास चांगला येत होता.

तिसरा अंकुश. हसरा, नम्र. "मी तं फोटोच काढून राह्यलो होतो ना मॅडम. मले का मालूम कोन नेलं? इथी सगळे माह्ये घरचेच लोक हायेत." खुशालभाऊंना तो फार आवडला. शिकलेला असूनही किती आपल्या बोलीत बोलतो, ते सरिताबाईंना म्हणाले.

"हो ना," त्या म्हणाल्या. "मास्तर बोलीत बोलले नाहीत, पुतण्या बोलला नाही. शिकलेल्यांपैकी पाहुण्यांपुढे हा एकटाच बोलला."

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि रुखमाबाईशी काहीतरी कुजबुजून आल्या.

जेवायला पेटीच्याच खोलीत पाट मांडले. जागा करायला अंकुशने फोटोसाठीची पाटी, काळं कापड ताणून बसवलेली, स्वतः उचलली. दिनेश हात लावायला आला, त्याला नको म्हटलं. पाटी भिंतीला टेकवून तो तिच्याशेजारीच बसला.

"कोहळं वाढू का?" रुखमाबाईने सगळ्यांना विचारलं.

"वाढा ना," अंकुश म्हणाला. "पित्ताले चांगलं असते."

तिने भाजी वाढली. मऊ शिजलेल्या केशरी फोडी. अंकुश वाट पाहत राहिला. मग म्हणाला, "अन् कोहळं?"

"ताटात काय हाये मंग?" रुखमाबाई म्हणाली. "चष्मा आणू का कोनाचा?"

सगळे हसले. अंकुशही हसला, पण ताटाकडे पाहता पाहता त्याचं हसू विरलं. त्याने पेटीकडे एकदा पाहिलं. घास तसाच राहिला. पोट बिघडलं असावं, असं खुशालभाऊंना वाटलं. त्यांनी स्वतः दोनदा भाजी घेतली.

हात धुऊन झाल्यावर सरिताबाई पुन्हा त्याच खोलीत बसल्या.

"चोराला डांगराचंच पत्र हवं होतं," त्या म्हणाल्या. "आणि त्याने डांगराचंच नेलं. त्याच्या समजुतीने."

"म्हणजे?" गुणवंतराव म्हणाले.

"तुमचा फोन सगळ्या घराने ऐकला. पेटीजवळ तो फार वेळ थांबू शकत नव्हता. अक्षर वाचता येईना, म्हणून चित्र पाहिलं आणि उचललं. आता सांगा, सावलीचं कोण कोहळ्याला डांगर समजेल? दिनेश इथेच वाढले. रुखमाबाई रोज चिरतात. आणि सत्यशीलाचं बालपण तर डांगरवाडीत गेलंय. तिने चोरी केली असती, तर बरोबर पत्राची केली असती."

सत्यशीलाने मान खाली घातली. हसू लपवायला, असं खुशालभाऊंना वाटलं, आणि या वेळी ते बरोबर होते.

"विमा कंपनीत असताना मी कराडला दोन वर्षं काढली. पहिल्याच आठवड्यात बाजारात डांगर मागितलं. बाईने लाल भोपळा कापून दिला. आपलं डांगर तिकडे कलिंगड, आपलं कोहळं तिकडे डांगर. आणि तिकडचा कोहळा म्हणजे पेठ्याचा, पांढरा. पित्ताला चांगला असतो म्हणतात." त्या अंकुशकडे वळल्या. "तुम्ही बोली फार छान उचललीत. जरा जास्तच. पण भाज्यांची नावं माणूस लहानपणी ताटात शिकतो. काल मास्तर 'कोहळ्याचं गेलं' म्हणून ओरडले, तेव्हा तुम्हाला वाटलं दुसरंच काहीतरी हरवलंय. आपण चुकीचं पत्र नेलं, हे तुम्हाला आत्ता, ताट पाहिल्यावर कळलं."

"मी नागभीडचाच हाये," अंकुश म्हणाला.

"खुशालभाऊ, त्या पाटीचं कापड जरा सोडा. काल पिशव्या झाडल्या, पेट्या उघडल्या. जिच्यावर सगळी पत्रं मांडायची, ती पाटी कुणी उलटून पाहिली नाही."

कापडाखालून कोहळं निघालं, चुणीसुद्धा न पडलेलं.

अंकुशची बोली तिथल्या तिथे बदलली. "साताऱ्याजवळचा आहे मी. एका संग्राहकाने विचारलं होतं. चुकलं माझं."

गुणवंतरावांनी पोलिसांना फोन लावला आणि, सवयीप्रमाणे, सगळ्या गल्लीला ऐकवला. शिपाई अंकुशला घेऊन गेल्यावर त्यांनी पेटीची चावी सत्यशीलापुढे धरली.

तिने हात पुढे केला नाही.

"सर, माझी पिशवी तुम्ही चार लोकांसमोर झाडली होती."

मास्तर ओसरीवर गेले. तिथून त्यांनी एकेकाला नाव घेऊन हाक मारली. शेजारी जमले. गुणवंतरावांनी घसा साफ केला आणि वर्गात सांगावं तसं स्पष्ट सांगितलं की काल सत्यशीलाबाईंवर घेतलेला संशय खोटा होता, चूक आपली होती आणि आपण त्यांची माफी मागतो. मागच्या एकाला ऐकू आलं नाही, तर त्यांनी ते पुन्हा म्हटलं.

तेव्हा तिने चावी घेतली. पत्र पेटीत ठेवायला मास्तर उत्साहाने पुढे झाले.

"थांबा सर," सत्यशीला म्हणाली. "तुमच्या बोटांना अजून भाजीचं तेल आहे."

गुणवंतराव निमूटपणे मोरीकडे गेले आणि साबण लावून, बोटांच्या बेचक्यांपर्यंत, हात धुऊ लागले.