नावाड्याची सहाशे पानं

ग्रंथालयातलं घड्याळ बंद पडलं होतं. ते सुरू करायला घड्याळाच्या दुकानातली मुलगी शिडीवर चढली, तेव्हा खाली दहा-बारा माणसं गोल करून बसली होती. ही मंडळी दर शनिवारी दुपारी जमायची. ज्याची पाळी असेल त्याने आपलं सगळ्यात आवडतं जुनं पुस्तक आणायचं आणि ते का आवडतं ते पंधरा मिनिटांत सांगायचं, एवढाच नियम.

त्या दिवशी पाळी होती एका बसड्रायव्हरची. पुस्तक कुठल्या रद्दीत सापडलं, तेव्हा तो कुठली गाडी चालवत होता, हे सगळं सांगून झाल्यावर एकदाचा तो गोष्टीवर आला.

"एक नावाडी असतो. एका बाईला रोज नदीपार नेतो. बारा वर्षं! जीव जडलाय तिच्यावर, पण बोलत नाही. नदीवर पूल बांधायला घेतात, तरी बोलत नाही. आणि लेखकाची कमाल बघा... नावाड्याच्या मनातलं एका शब्दाने सांगत नाही तो. ती बसते ती फळी नावाडी कशी पुसतो, तेवढंच लिहितो. आणि वाचताना आपल्याला पुढचं पान उलटवत नाही..."

वरून एक स्क्रू निसटला आणि टप्पकन त्याच्या उघड्या पानांवर पडला.

सगळ्यांनी माना वर केल्या. ती कानापर्यंत लाल झाली. "माफ करा हं... ऐकता ऐकता हात थांबला."

"थांबू द्या की," तो हसला. "घड्याळ चालू झालं तर माझी पंधरा मिनिटं संपतील."

"ती कधीच संपली, प्रस्तावना!" ग्रंथपालबाई म्हणाल्या. मुद्द्यावर यायला तो इतका वेळ घ्यायचा, की मंडळींनी त्याचं नावच 'प्रस्तावना' ठेवलं होतं.

जाताना तिने ते पुस्तक मागून घेतलं. तिच्यासाठी हे धाडसच होतं. शाळा संपल्या संपल्या ती बाबांच्या घड्याळांच्या दुकानात बसू लागली होती. जाड पुस्तकं शिकल्यासवरल्यांची, आपली नव्हेत, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पहिली चाळीस पानं डोक्यावरून गेली. पुढच्या शनिवारी ती पुस्तक परत करायला आली, तर तो दारातच उभा.

"चाळिसाव्या पानावर अडकलात ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी त्रेचाळिसाव्यावर अडकलो होतो. नदीचं वर्णन! घाई करू नका. होडीत बसल्यासारखं नुसतं बसून राहा... तो नावाडीच नेतो पुढे."

आणि खरंच नेलं त्याने. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती वाचायची. डोळ्याला लावलेलं भिंगसुद्धा काढायचं भान नसायचं. मधूनच ड्रायव्हर यायचा, मनगटावरचं घड्याळ काढून द्यायचा, "जरा मागे पडतंय वाटतं," म्हणायचा आणि विचारायचा, "कुठवर आलात?" मग दोघं तासभर त्या नदीकाठी.

"या माणसाचं घड्याळ ठणठणीत आहे," एकदा तो गेल्यावर बाबा म्हणाले. "बिघाड दुसरीकडे आहे." ती खाली मान घालून स्प्रिंग शोधत राहिली. स्प्रिंग तिच्या हातातच होती.

मग एके दिवशी तो आला तो पडेल चेहऱ्याने. "पुढच्या आठवड्यापासून लांब पल्ल्याची गाडी मिळालीय. शनिवार गेले आता." थोडा घुटमळला. काहीतरी बोलणार... पण नुसतं "बरं, येतो" म्हणून निघून गेला.

त्याचा शेवटचा शनिवार आला, आणि ग्रंथपालबाईंना सांगून तिने त्या दिवशीची पाळी मागून घेतली.

"मी घड्याळं उघडते," ती म्हणाली. "कुठला भाग कशासाठी आहे, ते मला कळतं. हे पुस्तक मी दोनदा वाचलं. सहाशे पानांत एक भाग जास्तीचा नाही. नदीच्या ज्या वर्णनाला मी कंटाळले होते, ते काढून टाका... शेवटी पूल झाल्यावरचा रिकामा घाट वाचून रडूच येणार नाही. असं काम ज्याला जमलं, त्याच्यापुढे मी हात जोडते." तिने श्वास घेतला. "पण एक आहे. नावाडी बोलत नाही, याचंच सगळ्यांना कौतुक. अहो, घाटावर दुसरी होडी होती! मोठी, छपराची. तरी ती बाई बारा वर्षं याच्याच होडीत बसली. हे त्याला दिसलं नाही. आणि... वाचणाऱ्यांनाही दिसत नाही."

ड्रायव्हर घाईघाईने पानं उलटू लागला.

"पान दोनशे बारा," ती म्हणाली, आणि मंडळी खो-खो हसली.

बैठक संपून ती निघाली, तसा तो धापा टाकत पायऱ्यांवर तिच्या मागे आला. "नऊ वेळा वाचलंय मी ते. दुसरी होडी... खरंच होती हो!"

"होतीच."

"म्हणजे कसं, तुमचा स्क्रू पडला त्या दिवशी खरं तर मी सुट्टीवर असणार होतो, पण माझ्या जागी येणारा ड्रायव्हर..."

"मुद्दा," ती हळूच म्हणाली.

"मला तुम्ही आवडता. लग्न कराल माझ्याशी?"

वरच्या खिडकीत ग्रंथपालबाईंनी तोंडावर हात धरला. तिने मात्र आधी शांतपणे विचारलं, "लांबची गाडी परत कधी येते?"

"तिसऱ्या दिवशी."

"मग दोन दिवस मी वाचीन, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही ऐकायचं. जमेल?"

त्याने नुसती मान हलवली, आणि दोघं दुकानाच्या दिशेने चालू लागली. बाबांना सांगायचं होतं.