न बोलावलेले रविवार

"ही जमीन आमची आहे," तो म्हणाला.

"असेल. पायवाट सगळ्यांची आहे," मी म्हणाले आणि सरळ कुंपणावर चढले.

रोलंड ब्राइटवेलशी माझं पहिलं बोलणं हे असं. साल एकोणीसशे सत्तर, एप्रिलचा रविवार, आणि आमच्याकडचा तो चिवट झिमझिम पाऊस, जो धड पडतही नाही आणि थांबतही नाही. मी एकोणीस वर्षांची होते, नाकावर माशी बसू देत नव्हते. टेकडीपलीकडच्या पडक्या मठाच्या दाराशी रविवारी तिकिटं विकायचं काम मला नुकतंच लागलं होतं. हॅझल्डीनच्या चर्चमागून निघायचं, ब्राइटवेलांच्या मेंढ्यांच्या कुरणातून जायचं आणि कुरणाच्या टोकाला दोन फळ्यांच्या लाकडी पायरीवरून कुंपण ओलांडायचं, की मठाच्या कमानी दिसायच्या. त्या पायरीपाशी हा उभा होता. हातात हातोडा, केसांतून पाणी निथळतंय, कान लालबुंद.

"वरची फळी निसटलीय. पडशील."

"मग दुरुस्त कर ना. हातोडा काय शोभेला धरलायस?"

तो हसला. मग हात पुढे केला… मी घेतला. फळी खरंच डुगडुगत होती, माझा काही इलाज नव्हता! हाताला ओल्या लोकरीचा वास होता. दिवसभर तिकिटं फाडताना तो वास माझ्या बोटांना येत राहिला आणि मी उगीचच दोन बायकांना मुलांची तिकिटं दिली.

पुढच्या रविवारी तो तिथेच. त्याच फळीला ठोकत.

"अजून झाली नाही?"

"लाकूड जुनं आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

चार वर्षं, बरं का! चार वर्षं हा माणूस एकच फळी दुरुस्त करत होता. पावसात, धुक्यात, जानेवारीच्या दहिवरात, कुंपणाची काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी लगडलेली असताना. मी दिसले की हातोडा खाली ठेवायचा, हात द्यायचा, आणि थर्मासच्या झाकणातून चहा पुढे करायचा. चहा आम्ही आळीपाळीनं त्याच झाकणातून प्यायचो.

"मेंढ्या मोजतोयस वाटतं?"

"हो."

"किती झाल्या?"

तो माझ्याकडे बघायचा. मग घाईघाईनं आभाळाकडे. "आज… दुपारनंतर उघडेल, नाही?"

आणि मी मठाकडे उतरू लागले की पाठीवर त्याची नजर जाणवायची. मागे वळून बघायचं नाही असं ठरवून मी दर वेळी वळायचेच.

एवढं सगळं. पण "पुढच्या रविवारी ये" हे तीन शब्द? छे! मी घरी येऊन चरफडायचे. मला वाढवलं ते माझ्या मॉड मावशीनं. ती मोजे विणता विणता म्हणायची, "मेरिएल, ब्राइटवेलांचे पुरुष तोंडात मिठाची गुळणी धरूनच जन्माला येतात. त्याच्या आजोबांनी लग्नाचं विचारलं ते चिठ्ठी लिहून. आणि ती चिठ्ठीसुद्धा कुत्र्याच्या गळ्यात बांधून पाठवली."

"निदान पाठवली तरी!" मी म्हणायचे.

रोलंड आज असता तर म्हणाला असता, तूही काही विचारलं नाहीसच की. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. अजूनही अशा वेळी मी मान वर करून बघते, तो समोरच्या खुर्चीत बसून हसतोय का ते.

तर चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये त्याच्या वडिलांनी पायरीशेजारच्या कुंपणात फाटक घातलं, पायरी तारेनं बांधून टाकली आणि फाटकाला कुलूप लावलं. मठ बघायला येणारे लोक वाढले होते, त्यांची कुत्री कोकरांच्या मागे लागत होती. म्हाताऱ्याचं अगदीच चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. पण हॅझल्डीन पेटलं! आमच्याकडे माणूस शेजाऱ्याशी दहा वर्षं बोलणार नाही, पण पायवाट बंद केली तर सगळं गाव एका बाकावर येऊन बसतं. मावशीनं विणकाम फेकलं आणि घरोघरी अर्ज भरून घेत फिरली.

कायदा असा होता, की लोक वीस वर्षं सलग, कोणाची परवानगी न घेता आणि न लपता एखाद्या रस्त्यानं चालले, तर तो रस्ता लोकांचा. मालकानं बोलावलं म्हणून जो चालला, त्याचं चालणं मोजायचं नाही. तो पाहुणा. आणि आमची अडचण तिथेच होती. खालचा पूल झाल्यापासून गावातले लोक मोटारीनं जात होते. शेवटच्या चार वर्षांत बारा महिने नियमानं त्या कुरणातून गेलेली अशी मी एकटीच. माझी साक्ष टिकली तर वीस वर्षं भरत होती. नाहीतर मठाकडे जायला साडेतीन मैलांचा डांबरी वळसा, कायमचा.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी मी गेले. कुलपाच्या अलीकडे मी, पलीकडे रोलंड. हातात हातोडा नव्हता.

"बाबा म्हणतात," तो फाटकाकडे बघत म्हणाला, "मी सांगायचं, की मी तुला बोलावत होतो. दर रविवारी."

"बोलावत होतास?"

"तुला… काय वाटतं?"

"मला नको विचारूस, रोलंड. शपथ तू घेणार आहेस."

त्यानं कुलूप उगीचच एकदा ओढून पाहिलं. मी रडत घरी आले आणि मावशीला सांगितलं की वाऱ्यानं डोळ्यात कचरा गेला.

इकडे आड, तिकडे विहीर. त्यानं "हो" म्हटलं तर चार वर्षं ज्या शब्दांसाठी मी झुरले ते सगळ्या गावासमोर ऐकायला मिळणार होते, पण खोटे, आणि पायवाट जाणार होती. "नाही" म्हटलं तर पायवाट राहणार, आणि मी सगळ्या गावासमोर अशी मुलगी ठरणार, जिला कोणी कधी बोलावलंच नव्हतं.

गावच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. मागे चहाचं पिंप खदखदत होतं. लंडनहून आलेले तपासणी अधिकारी बारीक चणीचे, सर्दी झालेले गृहस्थ होते. प्रत्येक उत्तर स्वतः वहीत लिहून घेत होते. मिस पेनफोल्ड म्हणून पुकारा झाला आणि माझी साक्ष झाली. मग ब्राइटवेलांच्या वकिलांनी रोलंडला उभं केलं. रविवारचा सूट, गळ्याशी आवळलेला टाय आणि तेच लाल कान.

"मिस पेनफोल्ड तुमच्या कुरणातून येत, तेव्हा तुम्ही तिथे हजर असायचात?"

"हो."

"चहा देत होतात? हात धरून पायरी ओलांडायला मदत करत होतात?"

मागून कोणीतरी खाकरलं. मावशीनं मागे वळून डोळे वटारले.

"हो."

"म्हणजे तुम्हीच त्यांना येण्याचं निमंत्रण दिलेलं होतं."

पहिल्या रांगेत त्याचे वडील टोपी गुडघ्यावर ठेवून ताठ बसले होते. रोलंडनं त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. या वेळी आभाळ बघायला वर छतच होतं.

"नाही," तो म्हणाला. "मी तिला कधीच बोलावलं नाही."

माझ्या गालांवर चटका बसल्यासारखं झालं. मी मान खाली घातली.

"मला बोलवायचं होतं," तो पुढे म्हणाला. आवाज फाटत होता. "दर रविवारी ठरवून जायचो. पहाटे साडेसहापासून उभा असायचो. ती नऊला यायची. अडीच तास तेच वाक्य घोकायचो… आणि ती दिसली की धीर व्हायचा नाही. ती आपण होऊन येत होती. स्वतःच्या हक्कानं. माझं त्यात काही नाही."

अधिकाऱ्यांनी लिहायचं थांबवून नाक पुसलं. "मिस्टर ब्राइटवेल, मग चार वर्षं तुम्ही तिथे नेमकं काय करत होतात?"

"फळी दुरुस्त करत होतो, साहेब."

"इतका वेळ?"

"ठीक झाली की रात्री मीच खिळा ढिला करायचो."

सभागृहात जो हशा उसळला! मी हसत होते की रडत होते, कोण जाणे. रोलंडनं एकदम माझ्याकडे वळून तोंड उघडलं, "मेरिएल, येत्या रविवारी—"

"थांबा!" अधिकारी जवळजवळ ओरडलेच. "आत्ता बोललात तर मला ते लिहावं लागेल." त्यांनी सावकाश पेनाचं टोपण लावलं, वही मिटली. "हं. आता बोला."

"येत्या रविवारी आमच्याकडे जेवायला येशील?"

"चार वर्षं लागली!" मी म्हणाले. आणि मग "येईन."

त्याचे वडील उठले, टोपी घातली आणि कोणाकडे न बघता निघून गेले.

रविवारी मी निघाले तर मावशी दारात आडवी. "निकाल यायचाय अजून! आमंत्रण घेऊन कुरणातून गेलीस तर पाहुणी ठरशील. पुलावरून जा." झालं! मी नवे बूट घालून, भुरभुरत्या पावसात साडेतीन मैल डांबरी रस्त्यानं चालत ब्राइटवेलांच्या पुढच्या दाराशी पोचले. पायाला फोड, केसांच्या ओल्या झिपऱ्या.

दार त्याच्या वडिलांनी उघडलं. आतून भाजलेल्या मांसाचा वास येत होता. रोलंडची आई टेबलावर बशा मांडत होती, आणि रोलंडचा पत्ता नव्हता.

"तो तिकडे उभा आहे," म्हातारा गुरगुरला. "पायरीपाशी. सहापासून. तू तिथूनच येणार, त्याला दुसरं काही सुचतं का?"

मी ओलीचिंब, उंबऱ्यावर उभी. म्हाताऱ्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं, मग मागच्या खिडकीकडे. खिडकीतून सगळं कुरण दिसत होतं, आणि टोकाला पावसात एक ठिपका.

"मी तुला परवानगी देत नाहीये," तो एकेक शब्द तोलत म्हणाला. "नीट लक्षात ठेव. मी कोणाला माझ्या कुरणात जायला सांगितलेलं नाही, कधी सांगणारही नाही."

"हो, मिस्टर ब्राइटवेल."

"मी फक्त मांस कापायला बसतोय." आणि त्यानं खुर्ची ओढली, खिडकीकडे पाठ करून बसला, आणि सुरीला धार लावू लागला.

मी बूट तिथेच काढले आणि मागच्या दारानं ओल्या गवतातून धावत सुटले.