हवेची मागणी

किण्वनाची टाकी निवडताना मी आधी जोड तपासतो, मग क्षमता विचारतो. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून हा क्रम कधी मोडला नव्हता. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत, बंद पडलेल्या एका कारखान्यात ती शंभर लिटरची टाकी पाहिली आणि क्षमता विचारायचे विसरूनच गेलो. आतले पोलाद आरशासारखे घासलेले. वेल्डिंगवरून बोट फिरवले तरी जोड हाताला लागेना. शेजारी त्याच कारागिराच्या हातची वाटावी अशी पाच हजार लिटरची टाकी उभी होती.

सल्ला आसियाला हवा होता. ती बुरोंडीची, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. आंब्याच्या मोहोरावरची बुरशी रोखणारा जिवाणू तिने खाडीच्या चिखलातून वेगळा केला होता. त्या जागी आता भराव पडला आहे. शीतपेटी बिघडून बाकीच्या कुप्या गेल्या, एक उरली. टाकीत वाढवली नाही तर तीही जाणार होती.

"नवी मागवू की ही घेऊ, सर? चुकले तर पुन्हा काही नाही."

मोटर चालू करायला लावून मी स्क्रूड्रायव्हरचे टोक ढवळणीच्या बेअरिंगवर टेकवले आणि त्याची मूठ कानाला लावली. यंत्र ऐकण्याची ही आमची जुनी रीत.

"नाडी बघताव काय सर तिची?" तिचा ऑपरेटर सदू हसला. "जित्ती हाय ना?"

बेअरिंग निर्दोष होते. मी मोटर बंद करायला सांगितली. ढवळणी थांबली, पण मुठीतून एक संथ आवाज येत राहिला. आत ओढल्यासारखा, बाहेर सोडल्यासारखा. पोकळ भांड्यात स्वतःचाच आवाज घुमतो, अशी मी समजूत घातली. सवयीने मोठ्या टाकीलाही कान लावला. तिथेही तोच.

"हीच घ्या," मी म्हणालो. "लहानीत साधले, तर मोठीही घ्या."

आसियाच्या गाळ्यात लहान टाकी बसली. शेवटची कुपी तिच्यात रिकामी केली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली आणि जनित्र सुरू होईना. सदू तिकडे धावला. हवा बंद, ढवळणी बंद. प्राणवायूविना हा जिवाणू काही मिनिटेच तगतो. बॅटरीवरच्या पडद्यावर प्राणवायूची रेषा घसरू लागली. मी नकळत टाकीवर तळवा ठेवला.

रेषा वर वळली. पुन्हा उतरली. पुन्हा चढली.

आसिया पडद्याकडे, मग माझ्या छातीकडे पाहत राहिली.

"सर, जरा श्वास रोखता?"

रोखला. रेषा खाली निघाली.

घेतला. ती वळली.

जनित्र लागेपर्यंत मी तिथून हललो नाही. इतके दाट, इतके निर्मळ पीक मी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. आसियाच्या शीतपेट्या कुप्यांनी भरल्या. त्या दुपारबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. त्या टाकीचे मला कौतुक वाटले, आजही वाटते. मोठीच्या खरेदीला मीच संमती दिली. टाकी वाढली की हवेची मागणीही वाढते, हे मला कोणी शिकवायला नको होते.

मोठी सुरू झाली त्या दिवशी मी रत्नागिरीला होतो. भाजी घेऊन घराचा जिना चढत असताना आसियाचा फोन आला.

"सर, काय सुंदर वाढतोय म्हणून सांगू. प्राणवायू जराही कमी पडत नाही."

"हवा... किती सोडली आहे?"

"तेच तर नवल. कॉम्प्रेसर सकाळीच बंद पडला. तरी रेषा..."

ती थबकली.

"सर, तुम्ही कुठे आहात?"

दार चार पायऱ्यांवर होते. मी कठडा धरून खाली बसलो. पिशवीतली लिंबे घरंगळत गेली.

"सर?"

उत्तरापुरतीही हवा छातीत येईना. फोनमध्ये, लांबून, सदूचा खुशीतला आवाज आला.

"म्याडम, अजून वरच चाललीय."