चारही बदलावे लागतील

"चारही बदलावे लागतील," टायरवाला म्हणाला.

भुरभुर पाऊस होता. तो उकिडवा बसून तिच्या गाडीचं फुटलेलं चाक बघत होता आणि तिनं नकळत त्याच्या डोक्यावर छत्री धरली होती. हे ऐकताच तिनं छत्री काढून घेतली.

"फुटलाय एक, आणि बदलायचे चार? दादा म्हणतच होता, टायरवाले टोप्या घालतात."

"दादांची गाडी कुठली?"

"स्कूटर."

"मग त्यांना मी दोनच सांगितले असते."

तिला हसू आलं, पण तिनं ते ओठांतच अडवलं. ती जनावरांची डॉक्टर होती. रोज डोंगरातल्या गोठ्यांवर जायचं, म्हणून चारही चाकांना जोर देणारी ही जुनी गाडी तिनं घेतली होती. बाकीचे तीन टायरही घासून गुळगुळीत झाले होते, पण चालत होते ना!

टायरवाल्यानं वाद घातला नाही. तिचा एक झिजलेला टायर आणि एक कोरा टायर शेजारी उभे केले, दोन्हींवर खडूनं खूण केली आणि पाच-पाच फेऱ्या ढकलत नेले. कोरा टायर चांगला वीतभर पुढे जाऊन थांबला.

"तुमच्या गाडीची चाकं आतून एकमेकांना बांधलेली आहेत. एकच नवा घातला, तर तो लांब ढांग टाकणार, बाकीचे आखूड. आतले गियर बिचारे पिळवटून निघणार."

"एक उंच बैल आणि एक ठेंगणा एका जुवाला जुंपल्यासारखं," ती हळूच म्हणाली. "मान सोलवटते."

"तेच... मला असं सांगता आलं नसतं."

तिनं चारही टायर बदलायला सांगितले. पण त्या मापाचे चार दुकानात नव्हते. यायला चार दिवस लागणार होते. "तोवर मी सोडतो तुम्हाला," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला. "म्हणजे... दुकानाची गाडी आहे."

मग दुकानाच्या खडखडणाऱ्या गाडीतून दोघं गोठ्यागोठ्यांवर फिरू लागले. ती टाके काढायची, तो गायीचं तोंड धरून तिची समजूत घालायचा.

"गायीशी बोललात तेवढं माझ्याशी नाही बोललात," परतताना ती म्हणाली.

"गाय उलट बोलत नाही."

"आणि लाथ मारते, त्याचं काय?"

"ती... तुमची अजून खायची आहे."

त्या दिवशी ती घर येईपर्यंत हसत होती. आणि तो वळणावळणावर गाडी उगाच हळू घेत होता.

चौथ्या दिवशी ती लवकर आली. तो बाहेर गेला होता. गल्ल्यावर त्याची आत्या होती.

"ने बाई एकदाची तुझी गाडी! परवापासून टायर येऊन पडलेत वाटेत. मी दोनदा अडखळले."

"परवापासून?"

तो दारात आला आणि तिचा चेहरा बघून तिथंच थांबला.

"का सांगितलं नाहीत?"

"बसवले असते, तर... तुम्ही गेला असता."

एरवी हे ऐकून ती विरघळली असती. पण तिला एकच गोष्ट टोचली. "मग चार लागतात, हेही असंच का?"

"नाही! ते खरं आहे."

"मी कशावरून मानू?"

त्यानं रस्त्याकडे हात केला. मग म्हणाला, "मानू नका. चौकात दुसरं टायरचं दुकान आहे, तिथं विचारा. तो माणूस मला खोटं पाडायला टपलेला असतो."

ती खरंच निघून गेली. त्यानं गाडीला हात लावला नाही. नुसता पायरीवर बसून राहिला.

"गाढवा," आत्या म्हणाली, "मुलगी आवडली तर चहा विचारावा. टायर कसले लपवतोस?"

अर्ध्या तासानं ती परत आली. "चारच म्हणाला तो."

त्यानं श्वास सोडला.

"शिवाय तुमच्याबद्दल दहा मिनिटं वाईट बोलला. पण टायरच्या बाबतीत तुम्ही खोटं बोलणार नाही, असंही म्हणाला. बसवा आता."

त्यानं चारही चाकं बसवली, एकेक नट दोनदा तपासला. ती जवळ उभी राहून बघत होती.

"पुन्हा असं करायचं नाही," ती म्हणाली. "भेटावंसं वाटलं, तर तोंडानं सांगायचं."

तो उठून उभा राहिला. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. आत्या ऐकते आहे, समोरचा न्हावीही ऐकतो आहे, हे त्याला कळत होतं.

"मला तुम्हाला... रोज भेटावंसं वाटतं."

"हं. एवढंच म्हणायचं होतं, तर माझी गाडी दोन दिवस अडवून ठेवलीत?" तिनं आत बसून शेजारचं दार उघडलं. "बसा. घाटात कशी चालते बघायला नको?"

"जा रे, दुकान मी बघते!" आत्या आतून ओरडली.

तो बसला, पण रबरानं काळे झालेले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. "सीटला डाग पडतील," तो हात अधांतरी धरून म्हणाला.

"पडू देत," ती म्हणाली, आणि तिनं गाडी सुरू केली.