कमळकाकूंची चाल

चिंचोक्यांचा डबा आणायला म्हणून श्रुतिका आतल्या खोलीत गेली, तेव्हा दुपारचे वडे अजून पोटात जड होते. सर्वपित्रीचा दिवस. गच्चीवर पान ठेवून झालं होतं, कावळ्याने खीर तेवढी टिपून वड्यांकडे पाठ फिरवली होती, आणि मुलुंडच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात आता पत्ते खेळायचे होते.

लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. घरातल्या बऱ्याच रीती तिने न विचारता उचलल्या होत्या. नव्या सुनेने काही विचारलं की लोक उत्तर देत नाहीत, एकमेकांकडे बघतात. ही रीत मात्र नवऱ्याने, सुयोगने, तिला आधीच सांगून ठेवली होती. गावाकडे देवाला कौल लावतात, तसा या घरात घरातल्याच माणसाला लावतात. ते माणूस म्हणजे कमळकाकू, सासऱ्यांची थोरली वहिनी, कधीच वारलेली. आणि कौल तांदळांनी नाही, पत्त्यांनी. सासरे जन्मभर बोटीवर होते; सातपानीचा खेळ तिथूनच घरात आला. प्रत्येकाला सात पानं. पहिली दोन पालथी, मधली चार उघडी, शेवटचं पुन्हा पालथं. सातातली पाच धरून ज्याची भारी, तो जिंकला. दर फेरीला चिंचोका पुढे सरकवायचा, नाहीतर सगळी पानं उघडी टाकून गप्प बसायचं.

काकूंची वेताची खुर्ची रिकामी ठेवून तिच्यासमोरही पानं वाटायची. तिच्या वतीने सासूबाई, सुलक्षणाबाई, फेरीला एकच चिंचोका सरकवणार. विचारणाऱ्याने काकूंवर मात केली तर परवानगी मिळाली. हरला तर तो विषय घरात पुन्हा काढायचा नाही, कधीच. आणि मध्येच पानं टाकली तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारायची मुभा.

श्रुतिकाला बोरिवलीला राहायला जायचं होतं. जागा बघून ठेवली होती. इथे त्यांची खोली म्हणजे काकूंची खोली. कपाटात काकूंची लुगडी, भिंतीवर काकूंचा फोटो, दाराला आतून कडी नाही आणि खिडकी रंगाने कायमची चिकटलेली. नवराबायकोने कुजबुजायचं म्हटलं तरी तिसऱ्या माणसाला विचारून कुजबुजल्यासारखं वाटायचं. पहाटे जाग आली की छातीवर कुणी गादी ठेवल्यासारखा श्वास कोंडायचा. सुयोग म्हणायचा, एसी लावू या.

डाव सुरू झाला. डबा उघडल्यावर जुन्या चिंचेचा आंबूस वास टेबलावर पसरला आणि तसाच बसून राहिला. सुयोगने चौथ्या पानाला माघार घेतली, सासऱ्यांनी सहाव्याला. शेवटचं पालथं पान आलं तेव्हा डावात दोघीच उरल्या होत्या, श्रुतिका आणि खुर्ची.

श्रुतिकाकडे दोन राजे होते आणि दोन नव्व्या. चांगल्यापैकी जोड्या. खुर्चीसमोर चार उघडी पानं, दश्शी, सत्ती, पंजी, तिर्री. चारही बदामाची. पालथ्या तिनांत एक जरी बदाम निघालं, तर एका रंगाची पाच पानं होणार आणि तिच्या राजांना कुणी विचारणार नाही.

बोलायची सवय नसली की माणसाला बघायची सवय लागते. कुणी काय टाकलं, ते तिने सगळं बघून ठेवलं होतं. सुयोगची तीन बदामं गेली होती, सासऱ्यांची दोन, दोन तिच्याच हातात. म्हणजे बदामाची राणी आणि एक्का, एवढीच बाहेर होती. खेळायला हरकत नव्हती. तिने चिंचोका सरकवला. सासूबाईंनी खुर्चीच्या वतीने एक सरकवला. आता फक्त पानं उलटायची.

तिने पदराने घाम टिपला आणि पुन्हा टेबलाकडे पाहिलं. खुर्चीसमोर दोन चिंचोके पुढे आले होते.

"आई, तुम्ही दोन ठेवलेत?"

"मी एकच ठेवला गं."

पंखा फिरत होता. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावलाच नाही. समोरच्याने वाढवलं की तेवढं भरायचं, नाहीतर पानं टाकायची. श्रुतिकाच्या मुठीत एकच चिंचोका उरला होता.

"टाक ना यार पानं," सुयोग हळूच म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

"वैनीन जल्मात कधी थाप मारूक नाय," सासरे टेबलाकडे बघत म्हणाले. "हातात असल्याशिवाय ती वाढवची नाय... तुझी चाल, गो."

हिशोब तोच होता. दोनच बदामं. पण पत्त्यांचा हिशोब जिवंत माणसांसाठी असतो. समोरच्याने पानं न उचलताच वाढवलं, तर कुठला हिशोब धरायचा? तिने मूठ सैल केली, परत आवळली. पानं टाकायची, एवढंच. एक वर्ष. वर्ष काय, सरतं.

तेवढ्यात सासूबाई बोलल्या, अगदी हलक्या आवाजात. "कमळवहिनी पण विचारायच्या. गोरेगावला खोली बघितली होती त्यांनी. तेव्हा या खुर्चीसमोर आमच्या सासूबाईंची पानं असायची." त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "दर वर्षी शेवटच्या पानाला टाकायच्या. पुढच्या वर्षी बघू म्हणायच्या... तुझ्याच खोलीत गेल्या."

श्रुतिकाने मूठ उघडली आणि शेवटचा चिंचोका पुढे सरकवला.

पानं सासऱ्यांनी उलटली. किलवरची दुर्री. इस्पिकची छक्की. चौकटचा गुलाम. बदाम नव्हतं. साधी जोडीसुद्धा नव्हती.

"थाप मारल्यान..." सासरे पुटपुटले. "वैनीन थाप मारल्यान."

वेताच्या खुर्चीवरून कुणी उठलं की वेत थोडा वेळ कुरकुरतो. बसल्या माणसाचा आकार सोडतो तेव्हाचा तो आवाज या घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो झाला. सुयोग हसला, जास्तच मोठ्याने, आणि चहा टाकतो म्हणत आत गेला.

सासूबाईंनी खुर्चीसमोरचे चिंचोके ओंजळीत गोळा केले आणि श्रुतिकाला पदर पसरायला लावला. "हे आता तुझे. तांदळात ठेव. इथे नकोत." अमावास्येला ओटी भरत नाहीत, एवढं श्रुतिकाला ठाऊक होतं. पण पदर तिने पसरला होता आणि ते पडलेही होते. मूठभर चिंचोक्यांना एवढं वजन कसं, असं तिला वाटून गेलं.

दसऱ्याला ती दोघं बोरिवलीला आली. दोन खिडक्या, दोन्ही उघडणाऱ्या, आणि बेडरूमला नवीकोरी कडी. पहिले काही दिवस श्रुतिका ती उगाच लावून बघायची.

आज दुपारी सुयोग कामावर असताना सासूबाईंचा फोन आला. चौकश्या झाल्या. मग त्या म्हणाल्या की काकूंच्या खोलीची खिडकी उघडली, इतक्या वर्षांनी, नुसता हात लावला तर उघडली. "घर कसं मोकळं मोकळं वाटतंय बघ," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एखाद्या मुलीसारखा हलका होता. फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "तुझं बरं आहे ना गं?"

श्रुतिकाने बरं आहे म्हणून सांगितलं. मग तिने टेबलाकडे पाहिलं. समोरच्या बाजूला एक चिंचोका होता. सकाळीही होता. तेव्हा तिने तो उचलून तांदळाच्या डब्यात परत टाकला होता, झाकण घट्ट लावून वर खलबत्ता ठेवला होता. खलबत्ता अजून तिथेच होता. घरात जुन्या चिंचेचा वास येत होता.

उठून सरळ बाहेर निघून जावं, असं तिच्या मनात आलं. पण उठणं म्हणजे पानं टाकणं. आणि पानं टाकणाऱ्याचं काय होतं, ते तिला माहीत होतं.

ती समोरच्या खुर्चीकडे न बघता टेबलाशी बसली. थोड्या वेळाने तिने नजर वर केली, तेव्हा तिथे दोन होते.