दुसऱ्या प्रकारचं रक्त

किंताचं प्रेत अजून घरात होतं, तेव्हाच तिची आई, साबादो, तोमासच्या दारात आली. बिसाव शहराच्या पोलिसांतून निवृत्त झाल्यापासून तोमास खाजगी तपास करी. टॅक्सीवाला ब्राइमा त्याचा जोडीदार. गाडीत पुढे, डोक्याने जरा मागे.

किंताचा नवरा दोन वर्षांपूर्वी, काजू पिकायच्या आधी, एचआयव्हीने गेला. पावसाळ्यापर्यंत ती डोकं भादरून दुखवट्यात बसली, उंबरा ओलांडला नाही. तिच्याही रक्तात रोग निघाला, पण एचआयव्हीच्या दुसऱ्या प्रकारचा. पहिला प्रकार लवकर खातो. दुसऱ्यावाले बरेचदा म्हातारे होऊन मरतात. मग दोन वर्षांत पोर गेली कशी? गाव म्हणे, दूरच्या दवाखान्यातल्या नर्स आर्मांदोने विष घातलं. उद्या त्याला दवाखान्यातून हाकलणार होते.

"खरं कळल्याशिवाय मी तिला पुरणार नाही," साबादो म्हणाली.

साबादोच्या अंगणात बोलावलेला आर्मांदो रडकुंडीला आला होता. "विष कसलं, मी गोळीसुद्धा दिली नाही. त्या प्रकाराला घाई नसते. त्याच साली काजूच्या हंगामात एकदाच आली, ताज्या वेण्या घातलेली, हसरी. परत ये म्हणून किती निरोप धाडले."

धाकटी बहीण सेगुंदा प्रेताजवळ नातेवाइकांनी सोबत पुरायला आणलेली कापडं रचत होती; प्रत्येक कापड म्हणजे नात्याची खूण. तिचा नवरा दारातून तिच्यावरची नजर हलवत नव्हता. ती म्हणाली, नर्सनेच ताईला येऊ नको म्हणून बजावलं होतं.

"नर्स खोटारडा आहे," ब्राइमा कुजबुजला.

"खोटंच सांगायचं तर तो त्यात वेण्यांची गोष्ट कशाला घालेल?" तोमास म्हणाला आणि त्याने आर्मांदोला आत बोलावलं.

आर्मांदोने प्रेताचा चेहरा पाहिला. "ही कोण?" मग त्याची नजर सेगुंदावर गेली. "किंता तर ही."



"त्या हंगामात किंताच्या डोक्यावर केस नव्हते," तोमास म्हणाला. "सेगुंदाला स्वतःचं रक्त तपासायचं होतं, पण नवऱ्याच्या भीतीने स्वतःच्या नावावर नको होतं. एका कुशीतल्या आपण, रक्त एकच, असं ताईला सांगून ती तिच्या नावाने गेली. दुसरा प्रकार निघाला तो हिचा. किंताला बहुधा नवऱ्याचाच पहिला होता."

"मग चूकच झाली ना साहेब, बिचारीची?" ब्राइमा म्हणाला.

"दुखवटा संपेपर्यंत चूक. त्यानंतर किंता दवाखान्यात गेली असती तर हिचा खोटेपणा उघडा पडला असता. म्हणून नर्सचे निरोप हिने गिळले आणि 'येऊ नको'चा निरोप स्वतः रचला. ताई डोळ्यांदेखत खंगत होती."

सेगुंदाने नवऱ्याकडे पाहिलं. दार रिकामं होतं. ती आईच्या पायांशी बसली. "आई, नर्सच म्हणाला होता, किंता पुष्कळ वर्षं जगेल."

"ते तुझ्याबद्दल म्हणाला होता," साबादो म्हणाली.

मग तिने कापडांच्या ढिगातून सेगुंदाचं कापड ओढून काढलं, नीट घडी घातली आणि लेकीच्या मांडीवर परत ठेवलं.