लेबलवरचा कागद

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. आणि रात्री-बेरात्री नाही, रविवारी भर दुपारी, माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये.

मामा वायरमन. आठवडाभर लोकांचे फ्यूज बदलायचा आणि रविवारी टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जुन्या रेकॉर्ड लावायचा. सोल आणि रॉक अँड रोल, परदेशातली निव्वळ नाचायची गाणी. तीही गाजलेली नाहीत. गाजलेल्या गाण्याचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्याला हवे असायचे ते गायक, ज्यांनी उभ्या आयुष्यात एकच रेकॉर्ड काढली, ती कुणी घेतली नाही, आणि मग बिचारे पोटापाण्याला लागले.

लोक हौसेने यायचे. लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर भुरभुरली की पाय मस्त सरकतात. ते काम त्याच्या मुलीचं, माझ्या मामेबहिणीचं. मामी गेल्यापासून त्या दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. चहा हवा असला, चष्मा सापडत नसला, काहीही झालं तरी मामाच्या तोंडी आधी तिचं नाव.

एकदा भंगारवाल्याकडे त्याला एक रेकॉर्ड मिळाली.

गाणारी बाई होती. ड्रम जरासा मागे रेंगाळणारा, पियानो किंचित बेसूर. आणि दुसऱ्या कडव्याआधी ती हसते... खुदकन. मामा चपला न काढताच नाचायला लागला.

लेबलवरचं गायिकेचं नाव मामाने कधीच ऐकलेलं नव्हतं. मग मामाने तेच केलं, जे या नादातले लोक करतात. लेबलवर पांढरा कागद चिकटवला. दुसऱ्या कुणाला गायिकेचं नाव कळू नये, गाणं आपल्याकडेच राहावं म्हणून.

"पप्पा, सांग ना लोकांना तिचं नाव. गाणं तिचं आहे," बहीण म्हणाली.

"आणि तो टोपीवाला दुसरी प्रत शोधून आणेल, त्याचं काय?"

टोपीवाला म्हणजे पलीकडच्या हॉलमध्ये रेकॉर्ड लावणारा. मामाचं त्याच्याशी हाडवैर.

त्या रविवारी हॉल अक्षरशः वेडा झाला. जो तो विचारत होता, कोण गातंय? मामा नुसता मिशीत हसत होता.

सगळे गेल्यावर बहीण झाडायला लागली आणि थबकली.

पावडरमध्ये पावलं होती... अनवाणी.

तिथे अनवाणी कुणी नाचत नाही. पावलं दारातून मामाच्या टेबलापर्यंत आली होती. परत गेलेली दिसत नव्हती.

पुढच्या रविवारी गाणं लावलं. दुसऱ्या कडव्याआधी...

हसणं आलंच नाही. त्या जागी नुसती खरखर.

आणि मग आलं... मामाच्या डाव्या कानाशी.

"ऐकलंस?" मामाने विचारलं.

"काय?" बहीण म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी तर आवाजच गेला. ड्रम होता, पियानो होता. बाई नव्हती. लोक नाचत राहिले. त्यांना ठेका पुरला.

टेबलासमोरच्या पावडरमध्ये दोन पावलं उमटली... मामाच्या डोळ्यांदेखत. समोर कुणी नव्हतं. पण कुणीतरी उभं होतं.

तिला काय हवंय ते त्याला कळलं.

"सांगतो बाई, सांगतो," तो पुटपुटला. त्याने नखाने कागद सोलला.

खाली लेबल कोरं होतं.

असू दे, नाव तर पाठ होतं. त्याने माईक तोंडाशी धरला...

पहिलं अक्षरसुद्धा आठवेना.

गाणं संपलं. रेकॉर्ड नुसतीच फिरत राहिली. पावलं वळली. पण दाराकडे गेली नाहीत... खिडकीपाशी बहीण पावडरचा डबा घेऊन उभी होती, तिच्याकडे निघाली.

मामाने जिवाच्या आकांताने तिला हाक मारायला तोंड उघडलं.

तिचं नावच ओठांवर आलं नाही.

"काय झालं, पप्पा?" ती म्हणाली.

पावलं तिच्यापाशी जाऊन थांबली. पुढे पावडर कोरी होती.

तेव्हापासून त्या रेकॉर्डमध्ये बाई पुन्हा गाते. हसतेही. मामाने ती तोडायला घेतली होती, पण त्याचा हात धजेना.

बहीण धडधाकट आहे, दातांच्या डॉक्टरकडे कामाला जाते. मामा तिला 'बाळा' म्हणतो. तिने नाव सांगितलं की मान डोलावतो आणि पाठ वळली की हरवून बसतो. ती माझ्या आईकडे आली होती. "आत्या, तू तरी हाक मार ना मला." आईने तिला पोटाशी धरलं. हाक मारली नाही.

मीही तिच्या कामावरच्या कार्डावर नाव वाचलंय. मान वर करेपर्यंत जातं. मला भीती वाटते, हे सरळच सांगतो.

परवा तिचा फोन आला.

"तुला तरी आठवतंय ना माझं नाव?"

मी हो म्हणालो. खोटं बोललो.

"मग सांग ना," ती म्हणाली. "मलाही आता नीट आठवत नाहीये."